उभ्या गाडीची थरथर



मोटार धांवत असतांना हादरली तर त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. रस्ता खडबडीत असतो, चाकांचा तोल बिघडलेला असतो, वेग अधिक असतो. परंतु गाडी स्वस्थ उभी आहे, समोर तांबडा दिवा आहे, चालकाचा पाय ब्रेकवर आहे, आणि तरीही खालचें आसन थरथरत आहे, हातांतील चक्राला मुंग्या आल्यासारख्या वाटत आहेत, आरशांतील मागची गाडी पुसट दिसत आहे, हा अनुभव मनास बेचैन करितो. स्वयंचलित गिअरच्या गाड्या आपल्या शहरांतून वाढल्या तशी ही तक्रारही घरोघर ऐकूं येऊं लागली आहे. "सिग्नलला गाडी थरथरते हो," असें सांगणारा गृहस्थ बहुधा पुढच्याच वाक्यांत त्यावर किती हजारांचा खर्च सांगण्यांत आला तेंही सांगतो.

ह्या थरथरीचा इतिहास आज आपणांस सांगावा असें योजिलें आहे. दुरुस्तीच्या कामीं इतिहास कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, एंजिनाचा कंप हा मागाहून जडणारा रोग नसून तें त्याचें उपजत लक्षण आहे. गेल्या सव्वाशें वर्षांत यंत्रज्ञांनीं तो कंप कांहीं अंशीं कमी केला, पण मुख्यतः एकावर एक पांघरुणें घालून झांकला. म्हणून थरथर जाणवूं लागली म्हणजे पहिला प्रश्न हा विचारावा, कीं आंतला कंप वाढला आहे, कीं वरचें पांघरूण फाटलें आहे? हीं पांघरुणें कोणतीं, तीं कोणीं व कां घातलीं, हें ज्याला ठाऊक आहे त्याला ह्या प्रश्नाचें उत्तर शोधणें सोपें जातें.

आगगाडीचें वाफेचें एंजिन स्टेशनांत उभें राही तेव्हां त्याचे दट्टे आणि चाकें दोन्ही निश्चल असत. वाफ बॉयलरांत साठलेली असे. झडप उघडली कीं यंत्र जागच्या जागीं पूर्ण जोरानिशीं काम करूं लागे. विजेच्या गाडीचेंही तसेंच. १९०० सालीं अमेरिकेंत ज्या मोटारी तयार झाल्या त्यांत वाफेच्या व विजेच्या गाड्या पेट्रोलच्या गाड्यांहून अधिक होत्या, आणि त्यांच्या पसंतीच्या कारणांत ही शांतता एक होती. पेट्रोलच्या एंजिनाची जात निराळी. तें थांबलें कीं निर्जीव झालें. स्वतःच्या बळावर पुन्हां उठत नाहीं. आरंभीं तर पुढें उभें राहून हातानें दांडा फिरवावा लागे, आणि तो उलट फिरून मनगट मोडल्याचीं उदाहरणें कमी नव्हतीं. विजेवर एंजिन सुरू करण्याची सोय कॅडिलॅक गाडीवर १९१२ सालीं आली. अशा स्थितींत दर थांब्यास एंजिन बंद करणें कोणास परवडणार? गाडी उभी राहिली तरी एंजिन मंद गतीनें फिरतें ठेवणें भाग पडलें. उभ्या गाडीच्या थरथरीचें मूळ येथें आहे.

आतां तें फिरणें कसें असतें तें पाहूं. निकोलाउस ऑटो ह्या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं जी चार टप्प्यांची पद्धति यशस्वी केली तीच आजही चालते. दट्ट्या एकदां मिश्रण ओढून घेतो, एकदां तें दाबतो, मग स्फोट होऊन तो ढकलला जातो, आणि शेवटीं धूर बाहेर टाकतो. म्हणजे दोन फेऱ्यांत एकच धक्का. चार सिलिंडरांचें एंजिन मिनिटास ७५० फेरे घेत असेल तर सेकंदास २५ धक्के बसतात. गति मोठी असतांना धक्के इतके जवळ येतात कीं ते एकमेकांत मिसळून जातात; मंद गतींत ते सुटे सुटे जाणवतात. शिवाय दट्टे वरखालीं होतात त्यांचा स्वतःचा झोंका निराळाच. सरळ रांगेंतील चार सिलिंडरांत दोन दट्टे वर जात असतां दोन खालीं येतात, त्यामुळें मोठा झोंका फिटतो. पण दट्ट्याची चाल वरच्या अर्ध्या भागांत अधिक जलद व खालच्या अर्ध्यांत संथ असल्यामुळें फेऱ्याच्या दुप्पट गतीचा एक झोंका शिल्लक राहतोच. तीन सिलिंडरांच्या एंजिनांत वरखालचा झोंका फिटतो, परंतु एंजिन एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे डुलूं पाहतें. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्यें आलेल्या मारुती ८०० गाडीचें एंजिन असेंच तीन सिलिंडरांचें होतें. उभ्या गाडींतील तिचें तें बारीक डुलणें अनेकांच्या स्मरणांत असेल.

ह्या झोंक्यांशीं प्रत्यक्ष युद्ध करणारा पहिला मोठा पुरुष म्हणजे फ्रेडरिक लँचेस्टर. १८६८ सालीं जन्मलेला हा इंग्रज यंत्रज्ञ मोटारीप्रमाणेंच विमानविद्येंतही अग्रेसर होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यानें विकलेल्या गाड्यांत एका क्रँकच्या ऐवजीं दोन क्रँक एकमेकींच्या उलट फिरत, जेणेंकरून एकीचा धक्का दुसरीनें फेडावा. पुढें त्यानें चार सिलिंडरांच्या त्या उरलेल्या दुप्पट गतीच्या झोंक्यावरही उपाय काढला. वजन एका बाजूस असलेले दोन दांडे एंजिनाच्या दुप्पट गतीनें, परस्परांच्या उलट, फिरत ठेवावयाचे. उपाय अचूक होता, पण खर्चिक. थोड्याच गाड्यांवर तो बसला. १९७५ सालीं जपानच्या मित्सुबिशी कंपनीनें त्यांत सुधारणा करून तोच पुनः प्रचारांत आणला, आणि पोर्शसारख्या मानी जर्मन कंपनीनेंही आपल्या ९४४ गाडीसाठीं जपानी परवाना घेतला. लँचेस्टर मात्र १९४६ सालीं ओढगस्तीच्या स्थितींत वारला.

खरें पाहतां कंप मुळांतच कमी करण्याचा राजमार्ग हा; पण त्याला पैसा लागतो. रोल्स रॉइसनें १९०६ सालीं सहा सिलिंडरांचें एंजिन उत्तम तोललें, आणि अशा गाडीच्या चालू एंजिनावर नाणें उभें करून दाखविण्याची हौस पुढें फार दिवस टिकली. तें नाणें सामान्य माणसाच्या खिशांतून येण्यासारखें नव्हतें. त्याच्या वांट्यास चार सिलिंडर आणि हादरे आले, कारण त्या काळीं बहुतेक एंजिनें गाडीच्या सांगाड्यावर बोल्टांनीं घट्ट जखडलेलीं असत. एंजिन हललें कीं सारी गाडी हललीच.

ह्या सामान्य माणसाची सोय १९३१ सालीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें केली. प्लिमथ ह्या तिच्या स्वस्त गाडींत एंजिन केवळ दोन ठिकाणीं, जाड रबरावर, अशा रीतीनें टांगलें कीं तें आपल्या गुरुत्वमध्याच्या रेषेभोंवतीं मोकळेपणीं डुलूं शकेल. तुरुंगांतील कैद्यास बेड्या काढून अंगणांत फिरूं द्यावें तसा हा प्रकार. एंजिन पूर्वीइतकेंच हलत होतें. हालचाल आसनापर्यंत पोंचत नव्हती. कंपनीनें ह्या युक्तीस 'फ्लोटिंग पॉवर' असें नांव दिलें, आणि चारांच्या खर्चांत आठ सिलिंडरांचें सुख, अशी तिची जाहिरात केली. मंदीच्या त्या वर्षांत प्लिमथ गाडी खपली ती ह्या गुणावर बरीच खपली. पुढच्याच वर्षीं फ्रान्समध्यें सित्रोएननें हा हक्क घेतला आणि आपल्या गाड्यांच्या तोंडावर पाण्यांत तरंगणाऱ्या हंसाचें चिन्ह लावलें. आज प्रत्येक गाडींत, आमचे मिस्त्री ज्याला 'माउंटिंग' म्हणतात तो रबराचा तुकडा, ह्याच कल्पनेचा वंशज आहे. पुढें १९८० च्या सुमारापासून त्या रबराच्या पोटांत द्रवही भरण्यांत येऊं लागला. रबर मात्र शेवटीं रबरच. तेलानें, उष्णतेनें व वयानें तें कडक होतें, खचतें, फाटतें. अनेक वर्षें झालेल्या गाडीचीं सर्व माउंटिंगें शाबूत असणें हें भाग्यच समजावें.

येथवर हातानें गिअर बदलण्याच्या गाडीची गोष्ट झाली. तिचा चालक सिग्नलपाशीं क्लच दाबतो किंवा गिअर काढून ठेवतो. एंजिन मोकळें फिरतें आणि त्याच्यावर गाडीचा कांहींच भार नसतो. स्वयंचलित गिअरनें हा विसावा काढून घेतला. त्याची कुळकथा जहाजांपासून सुरू होते. जर्मनीतील हेर्मान फॉटिंगर ह्यानें १९०५ सालीं जहाजांच्या यंत्रांसाठीं अशी योजना काढिली कीं, एका चाकानें द्रव फेंकावा व समोरचें दुसरें चाक त्या द्रवाच्या लोंढ्यानें फिरावें. दोहोंत लोखंडाचा संबंध नाहीं. पुढें लंडनच्या बसगाड्यांना बसणाऱ्या हिसक्यांना कंटाळलेल्या हॅरॉल्ड सिंक्लेअर ह्या इंग्रज यंत्रज्ञानें ही योजना रस्त्यावरच्या वाहनांस लागू करण्याचा ध्यास घेतला, आणि १९३० सालीं डेम्लर कंपनीनें ती आपल्या गाड्यांत आणली. योगायोग असा कीं, पुढच्याच वर्षीं लँचेस्टरची जुनी कंपनीही डेम्लरच्याच गोतांत विलीन झाली. १९३९ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबील गाडीसाठीं 'हायड्रामॅटिक' हा संपूर्ण स्वयंचलित गिअर विक्रीस आला, आणि १९४८ सालीं ब्युइक गाडीवर 'डायनाफ्लो' नांवानें तेलाचा तो संच आला ज्यास आज टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

आतां हा संच सिग्नलपाशीं काय करितो? गिअरची दांडी 'डी' ह्या खुणेवर आहे, पाय ब्रेकवर आहे. एंजिनाचें चाक तेल फेंकीत आहे. समोरचें चाक ब्रेकनें धरून ठेविलें आहे. एंजिन हें तेल अडलेल्या चाकावर सतत आदळीत राहतें, म्हणजेच उभ्या गाडींतही तें थोडेंसें ओझें वाहतें. ब्रेकवरून पाय उचलतांच गाडी सरपटूं लागते तें ह्याच ओढीमुळें. ओझें आलें कीं प्रत्येक स्फोट अधिक जोराचा व्हावा लागतो, धक्काही वाढतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हा जोर पहिल्या गिअरांतून वाढून चाकांच्या धुरीवर येतो, आणि जितक्या जोरानें धुरी पुढें फिरूं पाहते तितक्याच जोरानें एंजिन व गिअरबॉक्स मागें कलूं पाहतात. तें कलणें कोण धरतें? रबराचीं माउंटिंगें. रबर धड असेल तर तें ताणलें जाऊनही कंप गिळतें. खचलें असेल तर ह्या कलण्यानें लोखंडास लोखंड लागतें, आणि १९३१ सालीं घातलेलें पांघरूण निघून गाडी पुन्हां १९३० सालांत जाते.

आणखी एक पांघरूण संगणकाचें. कार्ब्युरेटरच्या काळांत मंद गति पेंचकसानें जुळवीत. २०२३ सालीं मुंबईच्या रस्त्यांवरून निरोप घेतलेल्या, कुर्ल्यास बनलेल्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सींपैकीं जुन्या गाड्यांचा चालक हा पेंच स्वतः फिरवीत असे, आणि बिघाड त्याला त्याच दिवशीं कळे. १९६७ सालीं बॉश कंपनीनें फोक्सवॅगनच्या गाडीसाठीं विजेच्या नियंत्रणानें पेट्रोल फवारण्याची युक्ति काढिली, आणि तिच्या पुढच्या पिढ्यांनीं मंद गति राखण्याचें कामही आपल्याकडे घेतलें. हवेच्या मार्गांत काजळी सांचली, कोठें नळी चिरली, तरी संगणक हवा व पेट्रोल कमीअधिक करून फेरे सांभाळतो. सोय मोठी खरी. पण दोष पुष्कळ वाढून संगणकाच्या आवांक्याबाहेर गेला म्हणजेच तो मालकास दिसतो. ह्या सोयीचें मला फारसें कौतुक वाटत नाहीं, हें कबूल करितों.

आमच्या जांवयांच्या गाडीस गेल्या वर्षीं हीच व्याधि जडली. गाडी तीन सिलिंडरांची, टॉर्क कन्व्हर्टरची. कर्वे रस्त्यावर प्रत्येक सिग्नलला ती अशी थरथरे कीं मागें बसलेल्या नातीचा चष्मा नाकावरून घसरावा. एका कारखान्यानें प्रथम चाकांचा तोल करून दिला. उभ्या गाडीचीं चाकें फिरतच नाहींत, तेव्हां त्यांचा तोल तेथें काय करणार, हा प्रश्न कोणास सुचला नाहीं. जांवयांना नाहीं व मलाही नाहीं. दुसऱ्या खेपेस प्लग बदलले. तिसऱ्या खेपेस गिअरबॉक्स उतरवावा लागेल आणि साठ हजारांची तयारी ठेवा, असें सांगण्यांत आलें. मुलीचें तोंड उतरलें, कारण ते साठ हजार नातीच्या प्रवेशासाठीं बाजूस काढलेले होते.

तेव्हां आम्हीं आमच्या पेठेंतील एका जुन्या मिस्त्र्यास बोलाविलें. त्यानें हत्यारांची पिशवी उघडलीच नाहीं. गाडी सपाट जागीं, मोकळ्या हवेंत, पुढेंमागें कोणी उभें नाहीं असें पाहून लावविली, हातब्रेक ओढला, आणि मला म्हणाला, "मास्तर, आपण चाकापाशीं बसा. ब्रेक घट्ट दाबून ठेवा. पाय अजिबात उचलूं नका." मग त्यानें मजकडून दांडी 'डी'वर आणविली. थरथर सुरू. 'एन'वर आणविली. थरथर गेली. "आतां एन्मध्येंच ए. सी. लावा." फेरे किंचित् दबले, लगेच सांवरले, थरथर नाहींच म्हणण्याइतकी. "आतां आर." तेथेंही जवळजवळ नाहीं. पुन्हां 'डी', पुन्हां तीच. सारें पांच मिनिटांत आटोपलें.

एन्मध्यें ए. सी. कां लावविला, हें मीं त्यास विचारलें. त्यानें दिलेलें उत्तर त्याच्या भाषेंत होतें. तें मी माझ्या भाषेंत सांगतों. ए. सी.चा पंप एंजिनाच्याच अंगावर बसविलेला असतो. त्याचें ओझें एंजिनास वाहावें लागतें, पण तें घरांतल्या घरांत. त्यानें एंजिन गाडीच्या विरुद्ध कलत नाहीं. 'डी'मधील ओझें मात्र गाडीच्या धुरीवर पडतें आणि एंजिनास कलवितें. तेव्हां दोन्ही ओझ्यांनीं थरथर वाढली तर एंजिनच अशक्त आहे असें समजावें, म्हणजे हवेचा मार्ग मळलेला, फेरे फार उतरलेले. केवळ 'डी'मध्यें वाढली तर कलणें धरणारें रबर गेलें. 'आर'मध्यें कलणें उलट दिशेनें होतें. तेथें कंप नसेल तर एकाच बाजूचा आधार खचला असण्याचा संभव अधिक. गिअरबॉक्सांतला दोष असता तर खूण निराळी दिसली असती. धांवत्या गाडींत कन्व्हर्टरचीं दोन्ही चाकें जोडणारा एक क्लच असतो. अशा क्लचचा उपयोग पॅकार्ड कंपनीनें १९४९ सालींच केला होता. तो सुटेनासा झाला तर गाडी थांबतांना एंजिन गचके खाऊन बंद पडूं लागतें.

आणि 'एन'मध्येंही थरथर राहिली असती तर? मग एखादा सिलिंडर काम चुकवीत आहे असें धरून चालावें. मिस्त्री लोक ह्यास गाडी 'मिसिंग' करते असें म्हणतात. त्याचा ताल ओळखतां येतो. चार सिलिंडरांत सेकंदास २५ धक्के बसावयाचे, त्यांतला एक सिलिंडर मुका झाला तर सेकंदास सुमारें सहा वेळां खळ पडतो. बारीक गुणगुण जाऊन ठक्‌ठक्‌ असा जड, मोजतां येण्याजोगा हादरा येतो. प्लग, त्यास वीज देणारी कॉइल, पेट्रोलचा फवारा किंवा चिरलेली हवेची नळी, ह्यांत त्याचें कारण बहुधा सांपडतें. त्या वेळीं समोरचा एंजिनाचा दिवा नुसता पेटला नसून उघडझांप करीत असेल तर गाडी पुढें दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील महाग शुद्धियंत्रांत जाऊन तेथें जळतें आणि तें यंत्र निकामी करितें.

ही परीक्षा घरीं करणाऱ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ब्रेक दाबून 'डी'मध्यें एंजिन जोरानें फिरवूं नये; कन्व्हर्टरमधील तेल फार थोड्या वेळांत तापतें. आणि बंद गॅरेजमध्यें तर हें मुळींच करूं नये. धुरांतील विषारी वायूला वास नसतो. शिवाय स्वयंचलित म्हणून विकली जाणारी प्रत्येक गाडी तेलाच्या संचाची नसते. २०१४ सालीं मारुती सेलेरिओबरोबर आपल्याकडे जो ए. एम. टी. नांवाचा प्रकार रुळला त्यांत साधा क्लचच असतो, केवळ तो यंत्र दाबतें. ब्रेकवर पाय असतां क्लच सुटलेला असल्यामुळें 'डी' व 'एन' ह्यांत फरक पडूं नये. पडलाच, तर क्लच नीट सुटत नाहीं अशी शंका घ्यावी.

आमच्या गाडीचें माउंटिंग दुसऱ्या दिवशीं निघालें. मधलें रबर एका बाजूस पूर्ण फाटून खालीं बसलें होतें आणि लोखंडावर लोखंड घांसल्याची चकाकी स्पष्ट दिसत होती. नवें माउंटिंग, मजुरीसह, साडेचार हजारांत बसलें. परत येतांना कर्वे रस्त्यावर तोच सिग्नल लागला. जांवयांनीं ब्रेक दाबला, आणि आम्ही सारे श्वास रोधून बसलों. अगदीं बारीक, लक्ष दिलें तरच जाणवणारें एक डुलणें उरलें होतें. जांवयांनीं तेथूनच मिस्त्र्यास दूरध्वनि केला. तो म्हणाला, "तें तिचें स्वतःचें आहे साहेब, तीन सिलिंडरांचें. त्याला हात लावूं नका."